हातावर शिक्का असलेल्यांची नावं सोसायटीच्या ग्रुपवर टाकावीत का?

आळूचं_फदफदं | १९ मार्च २०२०, सकाळी ७.४०

रागाच्या भरात धागा काढतेय, त्यामुळे प्रस्तावना नाही.

आमच्या विंगमध्ये चौथ्या मजल्यावर राहणारं कुटुंब मंगळवारी परदेशातून परत आलं. विमानतळावर कोरोनासाठी तपासलं, ताप नाही, खोकला नाही. डाव्या हातावर शिक्का मारला, मतदानाच्या शाईचा, आणि चौदा दिवस घरात बसा म्हणून सांगितलं. ते बसलेत. दार उघडलेलं मी तरी पाहिलं नाही.

काल सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर त्या शिक्क्याचा फोटो आला. काढला कोणी, पत्ता नाही. खाली फ्लॅट नंबर, नवरा-बायकोची नावं आणि मुलीची शाळा. (मुलीच्या शाळेचा काय संबंध? शाळा बंद आहेत!) दुपारी लिफ्टमध्ये कागद चिकटला: "चौथ्या मजल्याचे बटण दाबू नये. हुकमावरून." चौथ्यावर चार बिऱ्हाडं आहेत. बाकीच्या तिघांनी काय पाचव्यावर उतरून जिन्याने खाली यायचं? संध्याकाळपर्यंत त्यांचा दूधवाला बंद, पोळ्यांच्या मावशी बंद. आज कचरेवाल्या दादांनी त्यांचा डबा तसाच ठेवला, "सेक्रेटरीसाहेब नको म्हणाले" म्हणून.

पुण्यात ९ तारखेला दुबईहून आलेले पहिले दोन पेशंट सापडले तेव्हाही हेच झालं. त्यांची नावं, फोटो तासाभरात सगळ्यांच्या फोनवर. मला ते तीन वेगवेगळ्या ग्रुपांवर आले, त्यातला एक भिशीचा.

माझं म्हणणं, हे बंद व्हायला हवं. आणि लपवत नाही, काल मीसुद्धा जिन्यानेच वर गेले, गुडघा दुखत असताना. तोंडाने शहाणपण आणि पायाने जिना.

हिशेबी_माणूस | सकाळी ८.१५

टाकावीत. शाळेचं नाव नको, ते चूकच. पण फ्लॅट नंबर टाकावाच.

माझे वडील ७६ वर्षांचे. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. ते चुकवता येत नाही, घरात बसा म्हणून सांगता येत नाही. त्यांना व्हीलचेअरवरून त्याच लिफ्टने खाली न्यावं लागतं. कोणत्या बटणाला कोणी हात लावला हे मला कळायलाच हवं. ही माझी उत्सुकता नाही, गरज आहे.

आणि शिक्का मारला म्हणजे माणूस घरात बसतो, हा विश्वास कुठून येतो? काल गरीब रथमधून पालघरला चार जणांना खाली उतरवलं. हातावर शिक्के, आणि मुंबईहून सुरतेला निघालेले. सहप्रवाशांनी शिक्के पाहिले म्हणून सापडले. तुमच्या मते त्या प्रवाशांनीही 'खासगीपणा' जपायला हवा होता का?

मंडईतला_भुईमूग | सकाळी ८.३१

"हुकमावरून" वाचून भरून आलं. साथ असो नसो, पुण्यात पाटी आधी लागते.

वाडा_पाडला | सकाळी ९.०५

हिशेबी, तुमच्या वडिलांना बरं वाटो. पण थोडं मागे जाऊ.

१३ तारखेला राज्याने जो साथरोग कायदा लागू केला, तो १८९७ चा. प्लेगच्या वेळचा. त्याच वर्षी पुण्यात रँडचे सोजीर घरोघर शिरून रोगी शोधत होते. माझी आजी तिच्या थोरल्यांकडून ऐकलेलं सांगायची: काखेत गाठ आलेला पोरगा माळ्यावर, धान्याच्या कणगीमागे निजवलेला. तपासणीवाले आले की आई खाली जात्यावर बसायची आणि ओव्या मोठ्याने म्हणायची, पोराचं कण्हणं ऐकू जाऊ नये म्हणून. रोगी सापडला तर घराची काय दशा होते ते शेजारी पाहिलेलं असायचं. मग लोक सांगतील कशाला?

तुम्ही आज एका घराचं दूध बंद केलंत. ते बाकीच्या साठ घरांनी पाहिलं. उद्या त्यातल्या कोणाला खोकला झाला तर तो नायडू हॉस्पिटलात जाईल, की कणगीमागे?

हिशेबी_माणूस | सकाळी ९.२२

रँडचे सोजीर बूट घालून देवघरात शिरायचे. इथे लिफ्टमध्ये कागद चिकटवलाय. तुलना जरा मापात करा.

आणि प्लेगातच लोक गाव सोडून माळावर झोपड्या बांधून राहायचे ना? कोणाच्या घरात रोग आलाय हे गावाला कळायचं, म्हणूनच वाचायचे.

वाडा_पाडला | सकाळी ९.४०

नाही हो. घरात उंदीर पडायला लागले की बिऱ्हाड हलवायचं, हे शहाणपण होतं. माणसाचं नाव कळायची वाट पाहत बसत नसत.

अंडाकरी | सकाळी १०.१०

तुमचं लिफ्टचं चालू द्या. आमच्याकडं येऊन बघा नावं टाकल्यावर काय होतं. आमच्या केसात नाव कोंबडीचं टाकलं.

फेब्रुवारीपासून एक मेसेज फिरतोय, ब्रॉयलरमधून कोरोना होतो म्हणून. सोबत कुठल्या तरी रोगट कोंबडीचा फोटो. पशुसंवर्धन खात्यानं सांगितलं, डॉक्टरांनी सांगितलं, की कोंबडीचा नि ह्याचा संबंध नाही. कोण ऐकतं? एक किलो कोंबडी तयार करायला सत्तर रुपयांच्या वर खर्च. परवा जागेवर किलोला दहा रुपये द्यायलाही व्यापारी तयार नव्हता. पक्षी विकला नाही म्हणून खायचं थांबतो का? रोज खाद्य लागतंच. शेवटी गावात फुकट वाटल्या, तर फुकटसुद्धा लोकं घेईनात. लांबून बघायचे, पोराला मागं ओढायचे.

मेसेज पाठवणाऱ्याचा काय खर्च झाला? काही नाही. "काळजीपोटी पाठवला" म्हणतात.

बर_दुबईचा_बाळू | सकाळी ११.३०

धाग्याचा विषय मीच आहे, म्हणून लिहितो.

मी दुबईत अकरा वर्षं. ९ तारखेपर्यंत गावाकडे मी "आमचा दुबईचा" होतो, म्हणजे खजूर, पिस्ते, लग्नात पुढची खुर्ची. ९ तारखेपासून आमच्या आईला सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावात दर दोन दिवसांनी कोणीतरी विचारतंय, "बाळू येणार नाही ना?" त्यातला 'नाही ना' ऐका फक्त. परवा भजनाला गेली तर तिच्या शेजारच्या सतरंजीवर कोणी बसेना. मी डिसेंबरनंतर भारतात पाऊलसुद्धा टाकलेलं नाही!

कालपासून यूएई, कतार, ओमान, कुवेतहून येणाऱ्या सगळ्यांना चौदा दिवस वेगळं ठेवताहेत. ठेवा. योग्यच आहे. माझं तिकीट होतं २८ तारखेचं, मी रद्द केलं. पण उद्या नोकरी गेली आणि यावंच लागलं, तर मी शिक्का दाखवत येईन की बाही खाली ओढून येईन, हे तुमच्या वागण्यावर ठरेल. पालघरवाल्यांनी केलं ते चूकच. फक्त त्यांनी ते का केलं हे मला कळू शकतं, आणि हेच वाईट वाटतंय.

हिशेबी_माणूस | सकाळी ११.५२

बाळू, आईंना त्रास होतोय तो अन्याय आहे, मान्य. पण "तुम्ही नीट वागला नाहीत तर मी शिक्का लपवीन" ही धमकी झाली. तिची किंमत माझ्या बापाने मोजायची?

बर_दुबईचा_बाळू | सकाळी ११.५८

धमकी नाही दादा. भीती आहे. तुमची ती काळजी आणि आमची ती धमकी?

रात्रपाळी | दुपारी ३.२०

झोपून उठले, आता वाचतेय. मी नर्स आहे. कुठे ते विचारू नका, कारण पुढे येईलच.

एकेक घेते.

पुण्याचे ते पहिले दोघे १ तारखेला परत आले आणि ९ तारखेला निदान झालं. मधल्या आठ दिवसांत ते "पेशंट" नव्हतेच. त्यांना मुंबईहून आणणाऱ्या टॅक्सीवाल्याला लागण झाली, मुलीला झाली. ग्रुपवर नाव टाकून यातलं काय थांबलं असतं? नाव कोणालाच माहीत नव्हतं, त्यांना स्वतःलाही नाही. निदान झाल्यावर ते कुठे गेले, कोणाला भेटले, गाडीत कोण होतं, हे महापालिकेच्या लोकांनी एकेक करून शोधलं. टॅक्सीवाला तसाच सापडला, भिशीच्या ग्रुपमुळे नाही. त्या कामासाठी पेशंटने मोकळेपणाने बोलावं लागतं. "नाव बाहेर जाणार नाही ना सिस्टर?" हा पहिला प्रश्न असतो, ताप किती आहे हा दुसरा.

आता लिफ्ट. हिशेबी, तुमच्या वडिलांना जपायलाच हवं, त्यांच्यासारख्यांनाच हा आजार जड जातो. परवा मुंबईत कस्तुरबा हॉस्पिटलात जे दगावले ते ६४ वर्षांचे होते. पण तुम्ही फक्त चौथ्या मजल्याच्या बटणाला घाबरताय. सध्या तपासणी होतेय ती परदेशातून आलेल्यांची आणि त्यांच्या संपर्कातल्यांची, तीही लक्षणं असली तरच. राज्यात तपासणारी ठिकाणं मोजून तीन: पुण्याचं एनआयव्ही, मुंबईचं कस्तुरबा, नागपूरचं मेडिकल कॉलेज. म्हणजे तुमच्या हातातली यादी ही ज्यांच्याकडे कोणीतरी पाहिलंय त्यांची आहे. डायलिसिसला जाताना सगळीच बटणं बॉलपेनच्या टोकाने दाबा, वडिलांचे हात त्यांच्या मांडीवर राहू देत, घरी आल्यावर साबणाने वीस सेकंद धुवा. चौथ्यावर राहणारी बाई दाराआड आहे. तिच्यापेक्षा खाली किराणा दुकानात तुमच्या मानेवर शिंकणारा माझ्या दृष्टीने जास्त महत्त्वाचा, आणि त्याचं नाव कोणत्याच ग्रुपवर नाही.

आणि मी कुठे काम करते ते का सांगत नाही, तर घरमालकीण काल म्हणाल्या, "पोरी, तू काही दिवस हॉस्टेललाच का नाही राहत?" प्रेमाने म्हणाल्या. चहा पुढे ठेवून. कप मात्र कागदी होता, त्यांच्या घरात आजवर पहिल्यांदा.

सव्वासातची_कर्जत | दुपारी ४.०५

तुमच्या सोसायटीला लिफ्ट आहे, यादी आहे, चांगलंय. मी आजही लोकलने गेलो. चौथ्या सीटवर अर्धा बसून, एकाची बॅग तोंडावर, दुसऱ्याचा श्वास मानेवर. परवापासून प्लॅटफॉर्म तिकीट पन्नास रुपये केलंय गर्दी कमी व्हावी म्हणून. पासवाल्याला काय फरक पडतो? साहेब घरून काम करतात आणि मला फोन करून विचारतात, पोचलास का. डब्यात कोणाकोणाची नावं विचारू?

मंडईतला_भुईमूग | सायंकाळी ६.४५

२००९ आठवतंय का कोणाला? ऑगस्ट. ३ तारखेला पुण्यात १४ वर्षांची शाळकरी मुलगी स्वाइन फ्लूने गेली, देशातला पहिला मृत्यू. दोन दिवसांत सगळं शहर नायडूच्या रांगेत. ज्याला साधं पडसं तोही, आणि ज्याला काहीच नाही तोही, "एकदा तपासून घ्यावं" म्हणून. चार तास एकमेकांना चिकटून उभे. मीही होतो. घशात खवखव होती, ती रांगेतच बरी झाली. मास्क संपले, मग रुमाल आले. पुण्यातल्या मुली स्कूटरवर ओढणी बांधून फिरतातच, त्यांचं काही अडलं नाही.

तेव्हा कापूर आणि वेलचीची पुडी रुमालात बांधून हुंगायची, असा एसएमएस आला होता. काल तोच व्हॉट्सअॅपवर आला. रोगाचं नाव बदललंय, पुडी तीच.

पण एक सांगतो, हिशेबींच्या बाजूने. तेव्हा आम्ही घाबरलो म्हणून हसू येतं आज. न घाबरता फिरलो असतो तर काय झालं असतं, हे कुठे लिहिलेलं नसतं.

हिशेबी_माणूस | रात्री ९.१०

भुईमूग, पहिल्यांदाच तुमच्याशी सहमत.

आत्ता पंतप्रधानांचं भाषण ऐकलं. रविवारी सकाळी सात ते रात्री नऊ जनता कर्फ्यू, संध्याकाळी पाचला थाळ्या वाजवायच्या. रात्रपाळी, तुमच्यासाठी वाजवणार आहेत लोक. तुमच्या मालकीणबाईही वाजवतील.

बॉलपेनचं पटलं. उद्याची फेरी आहे, करतो. पण तुमचा एक मुद्दा मला उलटा दिसतो. ज्यांची तपासणी नाही ते जास्त धोक्याचे असतील, तर निदान जे माहीत आहेत तेवढे तरी कळू द्या. अंधारात एकच दिवा आहे म्हणून तोही मालवायचा का?

रात्रपाळी | रात्री ९.३०

दिवा लावणं वेगळं आणि एकाच्याच घरावर टॉर्च मारणं वेगळं. निघते, ड्यूटी आहे.

वाडा_पाडला | रात्री १०.०२

थाळ्यांचं ऐकून एवढंच मनात आलं की चौथ्या मजल्यावरची मंडळीही गॅलरीत येऊन वाजवणार. तेव्हा खालचे लोक वर बघतील की खाली?

आळूचं_फदफदं | २० मार्च, सायंकाळी ७.१५

अपडेट. कालच्या चर्चेनंतर सेक्रेटरींना फोन केला. म्हणाले, "मॅडम, माझ्यावर साठ घरांचं प्रेशर आहे." फोटो काढून टाकला आहे, पण ज्यांनी उतरवून घेतला त्यांच्याकडे तो राहणारच. लिफ्टमधला कागद तसाच. आज मुख्यमंत्र्यांनी मुंबई, पुणे, पिंपरी-चिंचवड, नागपूर ३१ तारखेपर्यंत बंद केल्यावर तर सेक्रेटरी म्हणाले, "बघा, मी दोन दिवस आधीच केलं."

आज सकाळी मी माझ्या दुधाबरोबर त्यांच्या दोन पिशव्या घेतल्या, दाराशी ठेवल्या, बेल वाजवली आणि तीन पायऱ्या खाली उतरून उभी राहिले. दार उघडलं नाही. आतून आवाज आला, "पैसे पायपुसण्याखाली आहेत काकू. नोटा धुतल्यात." पायपुसणं उचललं तर खरंच शंभराची नोट, इस्त्री केल्यासारखी, पण अजून ओलसर. साबणाचा वास येत होता.

हिशेबी_माणूस | सायंकाळी ७.४०

नोट धुतली? शाई नाही गेली?

आळूचं_फदफदं | सायंकाळी ७.४४

गांधीजी जरा फिकट झालेत. किराणावाल्याने घेतली पण.

हिशेबी_माणूस | सायंकाळी ८.०३

उद्याही आम्हाला डायलिसिसला जायचंय, वेळ बदलली. सहाला निघतो, डेअरीवरूनच जातो. कोणाला काय हवं ते ग्रुपवर टाका, चौथ्या मजल्याचंही आणतो. दाराशी ठेवीन.

कागद मात्र लिफ्टमध्ये राहू दे.