मदत हवी आहे : वार्तांकनातला पक्षपात मोजायचा कसा?

नमस्कार. प्रबंधासाठी मी मे २००७ मधल्या स्कॉटलंडच्या नव्या सरकारचं वार्तांकन तपासते आहे. स्कॉटलंडच्या संसदेतल्या १२९ जागांपैकी स्वतंत्र स्कॉटलंड मागणाऱ्या स्कॉटिश नॅशनल पार्टीला ४७, लेबर पक्षाला ४६. नॅशनल पार्टीचे नेते ॲलेक्स सॅमंड यांनी अल्पमतातलं सरकार चालवलं.

मतदानाच्या दिवशी 'स्कॉटिश सन'ने पहिल्या पानावर या पक्षाचं चिन्ह गळफासासारखं छापलं होतं. ते पान बघून मी हादरले. (२०११ मध्ये याच वृत्तपत्राने त्यांना पाठिंबा दिला!) पण असा उघड विरोध ओळखणं सोपं आहे. मी अडलेय ती रोजच्या बातम्यांपाशी. मंत्र्याने 'दावा केला' आणि विरोधकाने 'स्पष्ट केलं', हा शब्दांतला फरक कसा नोंदवायचा? आधी कोणाची प्रतिक्रिया, बातमी कितव्या पानावर, याला किती वजन द्यायचं? शिवाय स्कॉटलंडचे बरेच निर्णय तिथलं सरकारच घेत असूनही लंडनहून येणाऱ्या बातम्यांत इंग्लंडपुरतं धोरण साऱ्या ब्रिटनचं म्हणून सांगितलं जाई. तो पक्षपात की निव्वळ दुर्लक्ष?

तेव्हा ग्लासगो-एडिनबरोकडे राहिलेलं कुणी आहे का? आशय-विश्लेषण (बातम्यांतला मजकूर ठरावीक निकषांवर नोंदवून मोजणं) केलेल्यांनी कृपया पद्धत सुचवा. माझी सहानुभूती त्या सरकारकडे आहे, ती नोंदींत उतरू नये म्हणून काय करू?