जुन्या नाट्यपदांच्या रेकॉर्ड कर्ण्यावर चिरक्या वाजतात: दोष रेकॉर्डचा की साउंडबॉक्सचा?

मुगभाट:
नमस्कार मंडळी. कर्ण्याचा ग्रामोफोन आहे, चावीचा, एका स्प्रिंगचा. साउंडबॉक्स (सुई धरणारा आणि तिची थरथर पडद्याला देऊन आवाज काढणारा गोल डबा) 'एक्झिबिशन' नमुन्याचा, पडदा अभ्रकाचा. त्यावर नाट्यपदांच्या सहा दहा-इंची रेकॉर्ड वाजवून पाहिल्या. दोन एकतर्फी आहेत, म्हणजे पाठ कोरी. गायक तार षड्जाला गेला की आवाज फाटतो, कागद थरथरावा तसा. डग्गा जवळजवळ नाहीच, नुसती चाट ऐकू येते. शब्दांतला 'स' कळत नाही, 'साजणी'चं 'हाजणी' होतं. पट्टीही चढी वाटते. इंटरनेटवरून स्ट्रोब चकती (लुकलुकत्या दिव्यात तिच्या रेघा स्थिर दिसल्या की वेग बरोबर) छापून वेग मिनिटाला ७८ फेरे करायला गेलो, तर आवाज एकदम जड आणि रेंगाळलेला झाला. यातलं मूळ ध्वनिमुद्रणातलं किती आणि माझ्या यंत्रातलं किती, हे कसं ओळखायचं? चोर बाजारात नवा साउंडबॉक्स मिळतोय, तो घ्यावा का?

काळी_चार:
आधी रेकॉर्ड खरंच त्या काळातली आहे का ते बघा. लेबलाच्या कडेला, गुळगुळीत भागावर मॅट्रिक्स क्रमांक, म्हणजे त्या मुद्रणाचा क्रमांक, कोरलेला असतो. ग्रामोफोन कंपनीच्या रेकॉर्डवर त्या क्रमांकानंतर छोटा त्रिकोण असेल तर मुद्रण वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या मायक्रोफोन-पद्धतीचं (इलेक्ट्रिक), म्हणजे १९२५ नंतरचं. चौकोन असेल तर ब्लमलीन या अभियंत्याच्या इलेक्ट्रिक पद्धतीचं, १९३१ पासूनचं. यांपैकी काहीच नसेल आणि लेबलावर लेखणी धरलेला देवदूत असेल, तर मुद्रण नक्की कर्ण्यातलं.

आता डग्गा आणि 'स'. ते तुमच्या यंत्राचे दोष नाहीत. मायक्रोफोन नव्हता तेव्हा गवयाचा आवाज कर्ण्यात गोळा होऊन पडद्याला हलवायचा आणि त्याच बळावर सुई मेणात खाच कापायची. या साखळीतून साधारण १७० ते २००० हर्ट्झ एवढाच पट्टा नीट उतरायचा. डग्ग्याचा घुमारा त्याच्या खाली राहतो आणि 'स', 'श' यांची सळसळ ४००० च्याही वर असते. मग डग्ग्याचा फक्त बोटांचा आघात उरतो आणि 'सा'चा 'हा' होतो. तंबोरा या मुद्रणांत ऐकू येत नाही तो याचमुळे; पेटी आणि सारंगी मात्र बऱ्यापैकी टिकतात, कारण त्यांची मुख्य ताकद नेमकी या पट्ट्यात आहे. उत्तम साउंडबॉक्स लावूनही जे खाचेत नाही ते येणार नाही.

तार षड्जाला फाटणं ही वेगळी गोष्ट. ते तीन ठिकाणांहून येऊ शकतं: मूळ मुद्रणात गवई कर्ण्याच्या फार जवळ असेल, खाच झिजली असेल किंवा साउंडबॉक्स सैल असेल. ओळखण्याची सोपी रीत म्हणजे १९३०च्या दशकातली एखादी चांगल्या अवस्थेतली, कमी मोलाची इलेक्ट्रिक रेकॉर्ड याच यंत्रावर, कोऱ्या सुईने वाजवा. तीही जोरकस जागी फाटली तर यंत्र दोषी. ती स्वच्छ वाजली, तर नाट्यपदाची रेकॉर्ड खिडकीशी तिरपी धरा. चकचकीत काळ्या खाचांमध्ये नेमक्या जोरकस जागी राखाडी पट्टे दिसले, तर ती झीज आहे आणि ती भरून येत नाही.

अभ्रक_आणि_मेण:
वर्णनावरून साउंडबॉक्सच वाटतो. एक्झिबिशनमध्ये पडद्याच्या दोन्ही बाजूंना रबराच्या नळीचे वेढे असतात. शंभर वर्षांत ते दगड होतात. मग अभ्रक कडेला मोकळा डोलायचा तो जखडला जातो, खालचे स्वर मरतात आणि मोठ्या आवाजाला कड थरथरते. तुमचा 'कागद' तो हाच.

मागच्या तीन स्क्रूंनी झाकण सुटतं. त्याआधी सुईदांड्याचं टोक अभ्रकाच्या मधोमध ज्या बारीक स्क्रूने धरलंय, तो सोडवा. वरचं जुनं मेण टोकदार काडीने खरवडा. स्क्रू गंजला असेल तर गंज सोडवणाऱ्या पातळ तेलाचा एक थेंब लावून रात्रभर ठेवा. जोर लावलात तर अभ्रक तिथेच फुटतो. अभ्रक उजेडात धरून बघा: कडेला पांढुरके ढग दिसले, तर पापुद्रे सुटलेत, तो बदलायचा. त्याजागी प्लॅस्टिकची चकती कापून घालू नका, ती मऊ असते आणि आवाज बसतो.

रबरासाठी सायकलच्या दुकानात मिळणारी व्हॉल्व्ह ट्यूब चालते. जुन्या वेढ्याची जाडी मोजून तेवढीच घ्या. दोन तुकडे असे कापा की टोकं एकमेकांना जेमतेम टेकतील. एकावर एक चढली की तिथे अभ्रक दबतो. पुढचा सांधा वर आला तर मागचा खाली ठेवा. झाकणाचे स्क्रू आळीपाळीने, पाव-पाव फेरा आवळा. अभ्रक हलायला हवा, पण खडखडायला नको.

पुढचं काम घाईने बिघडतं. सुईदांडा दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगांवर तोललेला असतो. त्या दोन्ही सारख्या आवळा, दांड्यात ढिलाई राहणार नाही इतपतच. मग बघा, मधला स्क्रू न लावता दांड्याचं टोक अभ्रकाला नुसतं टेकतंय का. ते अभ्रकाला आत ढकलत किंवा बाहेर ओढत असेल, तर पडदा आधीच ताणलेला राहतो आणि जोरकस स्वराला फाटतो. टेकणं बरोबर जमलं की स्क्रू लावा आणि मधमाशीच्या मेणाचा एकच वितळलेला थेंब सोडा. मेणबत्तीचं मेण नको, ते तडकतं.

झालं की साउंडबॉक्सचं मागचं भोक ओठांशी धरून हलकेच हवा ओढा. पकड क्षणभर टिकली पाहिजे. लगेच सुटली, तर कुठेतरी गळती आहे. टोनआर्मवर (साउंडबॉक्स ज्या पोकळ दांड्याला लागतो त्यावर) बसवायचा मागचा रबरी कॉलरही कडक झाला असेलच, तोही बदला. कर्ण्याच्या कोपराचा सांधा सैल असेल तर मेण लावलेला सुती दोरा गुंडाळा. तिथून हवा गेली की खर्जाकडचं जे थोडंफार आहे तेही जातं.

चोर बाजारातला नवा साउंडबॉक्स घेऊ नका. तसल्या बऱ्याच साउंडबॉक्सांत जाड पत्र्याचा पडदा असतो, आवाज मोठा पण कर्कश. तुमचा मूळचा दुरुस्त होण्यासारखा आहे, तो जपा.

काळी_चार:
वेगाचं राहिलं. तुमची चकती बहुधा अमेरिकेच्या ६० हर्ट्झसाठी आहे, तिच्यावर ९२ रेघा असतात. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, दिवा मिनिटाला ६००० वेळा लुकलुकतो. ९२ रेघा त्यात स्थिर दिसल्या तर वेग ६५ च्या आसपास असतो, म्हणून आवाज रेंगाळला. ७७ रेघांची चकती छापा, तिच्यावर ७७.९ येतो. उजेडाला निऑनचा छोटा इंडिकेटर घ्या, एलईडी बल्बांपैकी अनेक लुकलुकतच नाहीत. चकती नको असेल तर कडेला कागदाचा कपटा ठेवा आणि अर्ध्या मिनिटात ३९ फेरे मोजा. काहीही करा, पण सुई खाली टेकवून, रेकॉर्ड वाजत असताना. सुईच्या ओझ्याने वेग उतरतो.

पण ७८ हाच बरोबर वेग असं त्या काळच्या रेकॉर्डबाबत धरू नका. ७० पासून ८२ पर्यंत काहीही असू शकतं. शेजारी पेटी घेऊन बसा. ७८ वर षड्ज काळी चारला लागला आणि गळा अनैसर्गिक पातळ वाटला, तर पांढरी पाचला आणण्यासाठी ७३.६ लागेल, आणखी अर्धा स्वर खाली, काळी तीनला, ६९.५. ७८च्या जवळ एक फेरा म्हणजे साधारण अर्ध्या स्वराचा पाचवा हिस्सा. तेव्हाच्या पेट्यांचे सूर आजच्या पेटीशी तंतोतंत जुळत नव्हते, त्यामुळे पाव स्वराच्या फरकावर वाद घालू नये.

स्त्रीपार्टी गायकाच्या बाबतीत गळ्यावरून अंदाज फसतो. तिथे रेकॉर्डचा शेवट ऐका. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीच्या गाइसबर्ग या मुद्रकाने कलकत्त्यात पहिली मुद्रणं केली ती छपाईसाठी जर्मनीत हॅनोवरला जायची; तिथल्या कामगारांना गाणं कोणाचं ते कळावं म्हणून कलाकार शेवटी स्वतःचं नाव मोठ्याने सांगत. कलकत्त्यात सियालदहचा कारखाना १९०८ ला आला, तरी अनेक रेकॉर्डवर ही घोषणा सापडते. गाण्यात फसणारा कान बोलण्यात फसत नाही. ते वाक्य माणसासारखं वाटेल तो वेग खऱ्याच्या जवळ.

लाखेची_तबकडी:
दोन्ही उत्तरं मान्य, पण क्रम बदलावा. एकतर्फी रेकॉर्ड या यंत्रावर वारंवार वाजवू नका. साउंडबॉक्सचं ओझं शंभर ग्रॅमच्या वर असतं. या रेकॉर्ड लाखेच्या असतात; लाखेत दगडाची भुकटी मिसळलेली असते ती सुईला खाचेच्या आकारात घासते, आणि अशी घासलेली सुई दुसऱ्या बाजूला लावली की तिची धार खाच तासते. म्हणून एका बाजूला एक सुई, अपवाद नाही. 'सॉफ्ट' घ्या, 'लाउड' नको.

आधी डिजिटल प्रत करा. ७८ ची टर्नटेबल, सुमारे ३ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) सुई, स्टिरिओचे दोन्ही चॅनल एकत्र. फोनो प्रीअँपमधली (टर्नटेबलचा क्षीण आवाज वाढवणाऱ्या यंत्रातली) आरआयएए वक्ररेषा, म्हणजे स्वर कमी-जास्त करण्याचं ठरलेलं प्रमाण, वगळा. ती एलपीसाठी आहे: खालचे स्वर फुगवते, १०,००० हर्ट्झला पावणेचौदा डेसिबल कापते. कर्ण्यातल्या मुद्रणाला सपाट, म्हणजे काहीही न फुगवणारा-कापणारा, प्रीअँप लागतो. एका सुईने फाटलं, तर २.५ किंवा ३.५ मिल लावून बघा. खाचेच्या न झिजलेल्या उंचीवर ती बसली की तीच जागा पुष्कळ स्वच्छ येते.

मुगभाट:
त्रिकोण-चौकोन कशावरही नाही, तीन रेकॉर्डवर देवदूत आहे. चकतीवर ९२च रेघा निघाल्या. पावसाळ्यात दोन रेकॉर्डवर पांढरी बुरशी आली आहे, ती स्पिरिटने पुसू का?

लाखेची_तबकडी:
स्पिरिट अजिबात नको, लाख त्यात विरघळते. बुरशी आधी कोरड्या मऊ ब्रशने घराबाहेर झटका. मग डिस्टिल्ड पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, मऊ कापड, खाचांच्या दिशेने गोल. लेबल कोरडं ठेवा. पुन्हा नुसतं डिस्टिल्ड पाणी आणि लगेच टिपून घ्या. उभ्या ठेवून पंख्याखाली पूर्ण वाळू द्या, उन्हात नको, तबकडी वाकते. जुनी पाकिटं परत वापरू नका, बुरशी त्यातच राहते. आणि एडिसनची जाड डायमंड डिस्क कधी हाती आली, तर तिला पाणीही लावू नका, तिचा गाभा ओलाव्याने फुगतो.