ज्येष्ठा नक्षत्राची सून आणि थोरला दीर

पेठकर: वधूवर गटात सकाळी एकांनी लिहिलं, ‘ज्येष्ठेची मुलगी थोरल्या दिराला वाईट, धाकट्यासाठी स्थळ बघताना जपा.’ वाचून डोकं फिरलं. भाद्रपदात आपण गौरी अनुराधेवर आणतो, ज्येष्ठेवर पुजतो, मुळावर बोळवतो. ज्येष्ठेवर सोळा भाज्या करून तिला जेवू घालायचं, आणि त्याच नक्षत्राची सून नको? ज्येष्ठेची देवता साक्षात इंद्र! आकाशातली ती लाल तारका अरबांना विंचवाचं काळीज वाटली, ग्रीकांना मंगळाची प्रतिस्पर्धी. तिचा प्रकाश इथे पोचायला साडेपाचशे वर्षं लागतात. कोथरूडच्या दिराशी तिचं काय वैर?

पंचांगी: व्रताचं नक्षत्र वेगळं, जन्मनक्षत्र वेगळं. ज्येष्ठा-मुळाच्या सांध्याला गंडांत, म्हणजे अशुभ सांधा म्हणतात, ते उगाच नाही. पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे.

रेवतीपक्ष: आधी पंचांग कोणतं ते सांगा. आमच्याकडे टिळक पंचांग, रेवती तारा धरून मोजणारं. चित्रा तारा धरून मोजणाऱ्या तुमच्या चित्रापक्षाशी सुमारे चार अंशांचा फरक, म्हणजे चंद्राचे सात तास. ज्येष्ठेच्या शेवटच्या सात तासांत जन्मलेली तुमची मुलगी आमच्याकडे मुळाची होते, आणि मूळ म्हणे सासऱ्याला वाईट. मग दिराला जपायचं की सासऱ्याला?

पंचांगी: १९५७ साली राष्ट्रीय पंचांगाने चित्रापक्ष घेतला. विषय संपला.

रेवतीपक्ष: लोकमान्यांनी उचलून धरलेलं गणित पुण्यात बसून मोडीत काढता? अधिकमास वेगळा आला की आमचे गणपती महिनाभर आधी बसतात. दरवेळी सोसायटीत खुलासे देऊन कंटाळलोय. सरकारने ठरवलं म्हणून आकाश बदलत नाही.

पेठकर: अहो, गणपती राहू द्या, मुलींचं बोला!

ज्येष्ठेची: मी बोलते. एका घरी पोहे झाले, गप्पा रंगल्या. मग बाईंनी पत्रिका उघडली, नक्षत्रावर बोट ठेवलं, घडी घालून आईच्या हातात परत दिली. उरलेला चहासुद्धा घेतला नाही. आई रिक्षात रडत होती. पुढे लग्न झालं ते थोरले दीर असलेल्याच घरात. सत्तरी उलटली तरी ते रोज पर्वती चढतात. आमच्या उभ्याच्या गौरींचे मुखवटे तेच बसवतात.

पंचांगी: तुमच्या यजमानांच्या पत्रिकेत परिहार, म्हणजे दोष घालवणारा योग असणार. तरी नुसत्या नक्षत्रावरून स्थळ नाकारू नये, एवढं मान्य.

ज्येष्ठेची: परिहार असतो, तर तो सकाळच्या पोस्टमध्ये का नव्हता? तुमची ओळख आहे ना ती लिहिणाऱ्यांशी? काढायला सांगा ती.

पंचांगी: सांगतो.

रेवतीपक्ष: आणि माझ्या सात तासांचं काय?