रेड रॉक्सला (डेन्व्हर) रॅपचा कार्यक्रम: कुठे बसावं, काय न्यावं, रात्री परत कसं यावं?

रानवारा:
जुलैमध्ये डेन्व्हरला मुक्काम आहे. त्यातली एक संध्याकाळ रेड रॉक्सच्या (शहराबाहेर डोंगरात, खडकांमधलं खुलं सभागृह) कार्यक्रमासाठी ठेवली आहे. संथ चालीचा, जाझच्या अंगाने जाणारा रॅप, सोबत लाइव्ह बँड. तिकिटं जनरल ॲडमिशनची आहेत, म्हणजे जागा ठरलेली नाही. युनियन स्टेशनजवळ उतरणार आहोत, गाडी नाही. शब्द नीट ऐकू यावेत तर कुठल्या रांगेत बसावं? बरोबर काय न्यावं? आणि कार्यक्रम संपल्यावर शहरात परत कसं यावं? सोबत वडील आहेत, वय ६५, गुडघे दुखतात.

खर्जातला:
जागेचं सांगतो. एकूण ७० रांगा आहेत, साधारण साडेनऊ हजार माणसं बसतात. अगदी पुढच्या रांगांचा मोह टाळा. तिथे सबवूफर (बेसचे मोठे स्पीकर) समोरच असतात, मुख्य स्पीकर डोक्यावरून मागे आवाज फेकतात. ढोल आणि बेस अंगावर येतो, पण शब्द त्याखाली दबतात. संथ रॅपमध्ये गायक अर्ध्या आवाजात बोलतो, ओळीच्या शेवटची अक्षरं गिळतो. ती ऐकायची तर मिक्सिंगचं टेबल शोधा आणि त्याच्या मागे, मधल्या पट्ट्यात बसा. साउंड इंजिनिअर जे ऐकून आवाज जुळवतो, जवळपास तेच तुम्हाला ऐकू येतं. खडकांना चिकटून कडेला बसलात तर एकाच बाजूचे स्पीकर जास्त ऐकू येतात. फार वर वारा असेल तर स, श, च ही अक्षरं उडतात, बेस मात्र टिकून राहतो.

जनरल ॲडमिशनला आधी येणाऱ्याला जागा, म्हणून दारं उघडण्याच्या आधी रांगेत लागा. बाकांना पाठ नसते. दोन-तीन तास बसायचं तर घडी होणारी पातळ उशी लागतेच. तुमची पाठ डोंगराकडे आणि तोंड पूर्वेला असतं, त्यामुळे मावळतीचं ऊन डोळ्यांत येत नाही. अंधार पडला की स्टेजच्या मागे दूरवर डेन्व्हरचे दिवे दिसतात. पुढे रेटून बसणाऱ्यांना हे दृश्य पूर्ण मिळत नाही, हेही मागे बसायचं एक कारण.

घाटवाट:
उंची लक्षात घ्या. रेड रॉक्स सुमारे १,९६५ मीटरवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या माथ्यापेक्षा तीनशे मीटर वर. हवा कोरडी आणि विरळ. पोहोचल्या दिवशीच जाऊ नका, एक रात्र डेन्व्हरमध्ये काढा आणि दिवसभर पाणी पीत राहा. बिअर बेतानेच घ्या.

जुलैत दुपारनंतर गडगडाटी पाऊस नेहमीचाच. कार्यक्रम पावसातही चालू राहतो, विजा असतील तर थांबवतात. छत्री आत नेऊ देत नाहीत, रेनकोटच हवा, टोपीवाला. जून २०२३ मध्ये एका कार्यक्रमाआधी गारपीट होऊन ऐंशी-नव्वद जणांना उपचार घ्यावे लागले होते. गारा सुरू झाल्या तर सामान सोडा आणि आडोसा गाठा. दुपारी ३२ अंश असलं तरी रात्री जॅकेट लागतं.

परतीचं आधीच ठरवा. सरकारी बस तिथे जात नाही. जाताना टॅक्सी सहज मिळते, खरी अडचण येताना: हजारो लोक एकदम ॲप उघडतात, नेटवर्क बसतं, भाडं कितीतरी पट होतं, आणि गाडी मिळाली तरी ती गर्दीतून वर यायला वेळ लागतो. डेन्व्हरमधून खासगी शटल बस असतात. जाण्या-येण्याचं तिकीट आधीच काढा आणि परतीची बस कुठे उभी राहणार त्या जागेचा फोटो उतरताना काढून ठेवा. कार्यक्रमाचं तिकीटही हॉटेलच्या वायफायवरच ॲपमध्ये उघडून बघा, स्क्रीनशॉटच्या भरवशावर राहू नका. आत रोख चालत नाही, कार्ड ठेवा. ओळखपत्र म्हणून मूळ पासपोर्ट.

रानवारा:
आभारी आहे. वडिलांना पायऱ्या किती पडतील? आणि तिथे गांजा कायदेशीर आहे म्हणतात, आजूबाजूला धूर असेल तर काही अडचण?

घाटवाट:
तळापासून वरपर्यंत जवळपास ३८० पायऱ्या आहेत. शटलने खालच्या पार्किंगला उतरवलं तर बाकांपर्यंतचा चढच मोठा आहे. ज्यांना पायऱ्या झेपत नाहीत त्यांच्यासाठी पहिली आणि सत्तरावी रांग राखीव असते, पण तिचं तिकीट वेगळं. तुमची तिकिटं बदलून मिळतात का, हे आजच बॉक्स ऑफिसला विचारा. ७०वी रांग घेतली तर वरच्या पार्किंगमधून जवळपास सपाट चालत आत येता येतं. आवाज थोडा पातळ मिळेल, पण गुडघे वाचतील. फक्त मग शटलऐवजी वरपर्यंत सोडणारी गाडी आधी बुक करावी लागेल.

गांजाचं: कोलोरॅडोत (डेन्व्हर याच राज्यात येतं) २०१४ पासून २१ वर्षांवरच्यांना विकत मिळतो, पण सार्वजनिक ठिकाणी ओढणं तिथेही बेकायदा आहे. शिवाय केंद्राच्या कायद्यात तो अजून गुन्हाच. व्हिसावर असणाऱ्याने घेतल्याचं कबूल केलं, तरी पुढे प्रवेश किंवा ग्रीन कार्ड अडू शकतं. शेजारच्याच्या धुराने कायद्याची अडचण येत नाही. स्वतः हात लावू नका, दुसऱ्याचं गांजाचं पाकीट आपल्या पिशवीत ठेवू नका, आणि विमानतळावर तर मुळीच नेऊ नका.

खर्जातला:
७०व्या रांगेत बसणार असाल तर मधोमध जागा मागा. तिथे दोन्ही बाजूंचे स्पीकर सारखे पोहोचतात.