अमेरिकेतला वर्णभेद जळगावात बसून वाचायचा कशाला?

तापीकाठ:
आमच्याकडे जळगावात अधूनमधून रविवारी दहा-बारा जणं जमतात, एक प्रकरण मोठ्यानं वाचायचं आणि मग त्यावर बोलत बसायचं. सध्या अमेरिकेतला वर्णभेद चालूये. घरचे म्हणतात रिकामे धंदे. माझं म्हणणं, वाचायलाच पाहिजे आणि तेही चारचौघांत. रोझा पार्क्स म्हटलं की आपल्याला वाटतं दमलेली काळी बाई, बसमध्ये गोऱ्या माणसासाठी सीटवरून उठली नाही, झालं. पण १ डिसेंबर १९५५ च्या त्या प्रसंगाच्या चारेक महिने आधी ती टेनेसीतल्या हायलँडर नावाच्या शाळेत शिबिराला जाऊन आलेली, तिथं काळे-गोरे एकत्र राहायचे, जेवायचे, चर्चा करायचे, त्या काळात! तिच्या गावच्या बसमध्ये काळ्या माणसाला बऱ्याचदा पुढं पैसे देऊन खाली उतरून मागच्या दारानं चढावं लागायचं. हे वाचलं आणि आमच्यातला चोपड्याचा एक जण म्हणाला, काळीपिवळीत पावरा आदिवासी बाई गाठोडं घेऊन आली की पुढं जागा असली तरी तिला मागंच कोंबतात, भाडं मात्र तेवढंच. नंतर तासभर अमेरिका राहिली बाजूलाच.

केळीवाला रावेर:
काय भो, चर्चा करून केळीला भाव येणारे का? गुलाम त्यांनी नेले, त्यांचं त्यांनी निस्तरावं. आपल्याकडं काळा-गोरा कुठंय, सगळेच उन्हात रापलेले. परदेशातलं भांडण विकत आणू नका.

अमळनेरची मास्तरीण:
काळा-गोरा नाही? लग्नाचा बायोडाटा उघडा दादा, उंचीच्या खालीच रंग लिहिलेला असतो, तोही 'गोरा' नाहीतर 'गव्हाळ', सावळं कुणी नसतंच खान्देशात 😄 आणि परदेशातलं म्हणाल तर महात्मा फुल्यांनी १८७३ ला 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेत गुलामी संपवायला झटलेल्या लोकांनाच. त्यांना नाही वाटलं ते लांबचं.

सातपुडा:
मला तिघांचंही पटलं नाही. मी धडगावचा, पावरा. अमेरिकेचं वाचताना तुम्हाला गहिवरून येतं कारण त्यात तुमचं काही जात नाही. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा घ्या ना एखाद्या रविवारी, जमातच्या जमात जन्मानं गुन्हेगार, १९५२ ला तो रद्द झाला तरी चोरी झाली की संशय आधी पारध्यांच्या पालावर. आणि त्या काळीपिवळीतल्या बाईवर तासभर बोललात, ती होती का तिथं?

तापीकाठ:
ती नव्हती. ग्रुपमध्ये एक तडवी आणि एक भिल्ल पोरगा येतो, बोलतात कमी. पण म्हणून वाचन बंद करा हे मला मान्य नाही. त्याच हायलँडरच्या सेप्टिमा क्लार्क यांनी १९५७ ला दक्षिण कॅरोलिनातल्या जॉन्स आयलंड बेटावर दुकानाच्या मागच्या खोलीत वर्ग काढला, कारण वाचता येत नाही म्हणून काळ्यांना मत देऊ देत नव्हते. शिकवायला मुद्दाम मास्तर घेतला नाही, ब्यूटी पार्लर चालवणारी बाई घेतली, म्हणजे लोकांना दडपण नको. असं काही सुचायला आधी ते माहीत तर पाहिजे.

सातपुडा:
मग पुढची बैठक धडगावला ठेवा. २००६ चा वनहक्क कायदा घेऊ, जंगलातली जमीन कसणाऱ्यांना तिचा हक्क देणारा, आमच्याकडच्या कितीतरी लोकांच्या दाव्याचे कागद नुसते घरात पडलेत, कुणी वाचूनच दाखवले नाहीत. बोलतील आमची माणसं, तुम्ही ऐका. घाट आहे, पहाटेच निघावं लागेल.

केळीवाला रावेर:
हे बराबर शे! पण मग मधे अमेरिका कशाला लागली ते मला अजूनही कळलं नाही भो.