पेटच्या बाटलीतून मूळ घटक परत मिळतात, मग दुधाच्या पिशवीतून का नाही?

प्रश्न :
पाण्याच्या बाटल्यांचे पेट प्लास्टिक रासायनिक प्रक्रियेने त्याच्या मूळ घटकांत परत नेता येते, असे वाचले. बाटल्या धुऊन, वितळवून दाणे करण्याची पद्धत रूढ असताना हा खटाटोप कशासाठी? आणि दुधाच्या पिशवीबाबत तेच का जमत नाही? जाणकारांनी कृपया खुलासा करावा.

उत्तर १ :
वितळवताना पेटमध्ये थोडा जरी ओलावा राहिला, तरी त्याच्या लांब साखळ्या तुटतात. आणि बाटल्यांच्या चुऱ्यात पीव्हीसी या दुसऱ्या प्लास्टिकचे तुकडे मिसळले, तर त्यांतून सुटणारे आम्ल हेच काम अधिक वेगाने करते व माल पिवळा पडतो. रासायनिक पद्धतीत, उदाहरणार्थ ग्लायकोलिसिसमध्ये, हा चुरा इथिलीन ग्लायकॉलमध्ये (पेटच्या दोन मूळ घटकांपैकी एक; दुसरा टेरेफ्थॅलिक आम्ल) झिंक अ‍ॅसिटेटसारख्या उत्प्रेरकासह सुमारे १९० ते २०० अंश सेल्सिअसला तापवतात. साखळीतील घटकांना जोडणारे सांधे, म्हणजे एस्टर बंध, तुटून बीएचईटी हा रेणू मिळतो. नवे पेट बनवतानाही टेरेफ्थॅलिक आम्लापासून वाटेत हाच रेणू तयार होतो. तो गरम पाण्यात विरघळतो, अर्धवट तुटलेल्या साखळ्या गाळून काढता येतात आणि द्रावण थंड होताच सुईसारखे पांढरे स्फटिक दिसू लागतात. रंग मात्र आपसूक जात नाही, त्यासाठी सक्रिय कोळसा वापरावा लागतो.

उत्तर २ :
पिशवी पॉलिथिलीनची असते. तिच्या साखळीत सलग कार्बन-कार्बन बंध असल्यामुळे नेमके कोठे तोडावे असा कच्चा सांधाच नसतो. तापवल्यावर साखळी कोठेही तुटून मेण, तेल आणि वायू यांचे मिश्रण हाती येते, आणि इथिलीन हा मूळ घटक हवा असेल तर ते तेल पुन्हा क्रॅकरमधून, म्हणजे अति उष्णतेने रेणू तोडणाऱ्या भट्टीतून, काढावे लागते. जाहिरातींत पेटची ती प्रक्रिया आणि पिशवीची ही, या दोन्हींना सर्रास ‘रासायनिक पुनर्चक्रीकरण’ असे एकच नाव देतात, ते मला पटत नाही. अर्थात कार्बन-कार्बन साखळी म्हणजे अशक्यच, असेही नाही : अ‍ॅक्रिलिकचे पत्रे तापवले की साखळी क्रमाक्रमाने उलगडत जाते आणि मिथाइल मेथाक्रिलेट हा त्याचा मूळ घटक मोठ्या प्रमाणात परत मिळते.

उत्तर ३ :
पेटसाठी विकराचा (एन्झाइमचा) मार्गही आहे. फ्रान्समधील कार्बिओस कंपनी आणि तुलूझ येथील संशोधकांनी २०२० मध्ये सुधारित विकराने ७२ अंशांना १० तासांत ९० टक्के पेट विघटित करून दाखवले; मात्र स्फटिकी, म्हणजे साखळ्या घट्ट व नीट रचलेल्या, पेटवर विकराची मात्रा फारशी चालत नसल्याने ते आधी वितळवून, झटकन थंड करून दळावे लागते, म्हणजे ऊर्जेचा खर्च आलाच. म्हणून स्वच्छ, पारदर्शक बाटल्या वितळवण्यासाठीच द्याव्यात आणि रासायनिक पद्धत रंगीत ट्रे व पॉलिस्टरच्या कापडासाठी राखावी, असे माझे मत आहे.