पेन्शनचं वय ७०: युरोपकडे दुसरा मार्ग आहे का?

नेकरकाठचा (धागाकर्ता)
डेन्मार्कच्या संसदेने मे २०२५ मध्ये कायदा केला: २०४० पासून पेन्शन ७० व्या वर्षी. जर्मनीत, म्हणजे मी राहतो तिथे, २०३१ पर्यंत ६७ होणार. माझं म्हणणं, सगळ्यांना एकच आकडा लावणं हा अन्याय आहे.

आमच्या तळमजल्यावरचे गृहस्थ फरशी बसवायचं काम करतात. वय साठीच्या आसपास. कामाच्या पँटला गुडघ्यांपाशी खिसे असतात, त्यात जाड गाद्या. तरी जिना उतरताना आधी एक पाय, मग त्याच पायरीवर दुसरा. मी खुर्चीत बसून कोड लिहितो, रेटेन सत्तरीपर्यंत. त्यांनी काय करायचं? लवकर सोडलं तर महिन्यामागे ०.३ टक्के कपात, म्हणजे वर्षाला ३.६, आणि ती जन्मभर.

भागाकार
असहमत. ही पेन्शन म्हणजे आपला पीएफ नव्हे, तुमच्या नावावर काही साठत नाही. पगाराचे १८.६ टक्के (निम्मे मालकाचे) आज कापायचे आणि आजच्याच म्हाताऱ्यांना वाटायचे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला एका पेन्शनरामागे सहा जण भरत होते, आता जेमतेम दोन. तूट सरकार करातून भरतं, वर्षाला १०० अब्ज युरोंच्या वर.

जर्मनीचा तेव्हाचा चान्सलर बिस्मार्कने १८८९ मध्ये ही योजना आणली तेव्हा वय ७० च होतं, ६५ झालं १९१६ मध्ये. वय वाढवायचं नसेल तर हप्ता वाढवा नाहीतर पेन्शन कापा. चौथा मार्ग असेल तर सांगा.

रात्रपाळी
चौथा मार्ग मीच की! मूळची सांगलीची, आता इथल्या वृद्धाश्रमात नर्स.

आजोबांना उचलायला लिफ्टर आहे, पण तो आणून पट्टे लावेपर्यंत दुसऱ्या खोलीची घंटा वाजते. मग दोघी मिळून हातानेच उचलतो. पन्नाशी ओलांडलेल्या बऱ्याचजणी अर्धवेळावर गेल्यात. अर्धा पगार, म्हणून पेन्शनही तशीच बारीक. ६७ हे कागदावर. इथे पाठ त्याआधीच राजीनामा देते.

भागाकार
बाहेरून माणसं आणा म्हणणं सोपं आहे. महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये इथल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केलाच की. पण भाषा, प्रमाणपत्रांची मान्यता, व्हिसा हे सगळं पार पडायला वेळ लागतो. शिवाय आलेली माणसंही म्हातारी होणारच.

निवृत्त५८
अवांतर होईल, पण लिहितो. मार्च २०२३ मध्ये महाराष्ट्रात आमचे सरकारी कर्मचारी ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत संपावर होते, त्याच आठवड्यात फ्रान्सच्या सरकारने ६२ चं ६४ करणारा कायदा मतदान न घेता कलम ४९.३ वापरून रेटला. पॅरिसच्या रस्त्यांवर कचऱ्याचे ढीग. २०२५ संपता संपता तीच सुधारणा स्थगित करावी लागली.

मला मात्र राज्य सरकारने ५८ ला शाल-श्रीफळ देऊन घरी बसवलं. अंगात काम होतं हो! ज्याला जमतं त्याला करू द्या. सक्ती नको, बंदीही नको.

कोपनहेगनकर
डेन्मार्कची अर्धीच गोष्ट आली धाग्यात. इथे ‘आर्ने पेन्शन’ आहे. आर्ने हा बिअरच्या कारखान्यातला कामगार, त्याला सोशल डेमोक्रॅट पक्षाने प्रचाराचा चेहरा केलं. वयाच्या ६१ व्या वर्षी ज्यांची कामाची ४४ वर्षं भरली, ते २०२२ पासून तीन वर्षं आधी निघू शकतात. ४२ भरली तर एक वर्ष. सोळाव्या वर्षी कामाला लागलेला आणि सत्ताविसाव्या वर्षी पदवी घेऊन आलेला, दोघांना एकाच रांगेत का उभं करायचं?

नेकरकाठचा
अगदी हेच म्हणतोय! आणि काम माणसाला साजेसं करता येतं. बीएमडब्ल्यूने २००७ मध्ये डिंगोलफिंगच्या कारखान्यात एका लाइनवर मुद्दाम वयस्क कामगार ठेवले. लाकडी जमीन, उंची बदलणारी टेबलं, भिंगं, मधूनमधून बसायला खुर्च्या. खर्च सुमारे ४०,००० युरो, उत्पादकता ७ टक्क्यांनी वाढली.

भागाकार
मग हे माझ्याच बाजूने झालं की! वय वाढवा, लाइन बदला.

नेकरकाठचा
बीएमडब्ल्यूला परवडतं. आमच्या फरशीवाल्यांच्या मालकाकडे तीन माणसं आणि एक टेम्पो. तो कुठली भिंगं आणणार? आणि २०२६ पासून पेन्शनच्या वयानंतर काम करणाऱ्या नोकरदारांना महिना २,००० युरोंपर्यंत करमाफी मिळते, ती माझ्यासारख्या खुर्चीवाल्यांच्याच पदरात पडणार.

भागाकार
जर्मनीतही ४५ वर्षं हप्ता भरणाऱ्यांना कपातीशिवाय लवकर निघायची सोय २०१४ पासून आहे. आधी ६३ ला, आता हळूहळू ६५ कडे. फरशीवाले सोळाव्या वर्षी लागले असतील तर त्यांचं भागतंय.

रात्रपाळी
त्यांचं भागेल. मी चौतिसाव्या वर्षी इथे आले. सांगलीत खासगी दवाखान्यात होते, तिथे पीएफसुद्धा कापत नव्हते. माझी ४५ वर्षं ७९ ला भरतील. ‘चौथा मार्ग’ म्हणून ज्यांना बोलावता, त्यांच्यासाठी यात काय आहे तेवढं सांगा.